आज्जीच्या हाताला फोड, सगळी म्हणत्यात नागीण, मला वाटतंय जास्वंदीतला भुंगा. कुणी सांगेल का?

परड्यातला_गडी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातनं पन्हाळा रोडला आमचं गाव, घरामागं परडं आहे, त्यात भेंडीच्या चार सऱ्या, कडंला जास्वंद आणि पलीकडं बांधावर तूर नि चवळी. गौरी-गणपती झाल्यापासून ह्या सगळ्यावर एक भुंगा बसायलाय, बोटाच्या पेराएवढा, काळा कुळकुळीत आणि पाठीवर नारिंगी-लाल आडवे पट्टे, लांबनं बघितलं तर कुणीतरी ऑइलपेंटनं रंगवून सोडलाय असं वाटतं. भेंडीचं फूल उमललं की आत दोघं-तिघं डोकं खुपसून बसलेले, पाकळ्या साफ, नुसता मधला दांडा ठेवतात. हाकललं तर जड विमानागत भुर्र करून उडतो आणि दोन झाडं सोडून परत बसतो, भीती म्हणून नाही त्याला.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी सकाळी आज्जी नेहमीसारखी देवाला जास्वंदी काढायला गेली, ती परडी घेत नाही, फुलं ओच्यातच घेते, तर एक भुंगा फुलातनं हातावर चढला आणि कोपराच्या आतल्या बाजूला गेला, तिनं हात मिटला आणि तो तिथंच चिरडला. पिवळं काहीतरी निघालं म्हणाली, पदरानं पुसलं आणि कामाला लागली. चावला नाही, दुखलं नाही, काही नाही. रात्री जेवायला बसली तेव्हा आग आग व्हायला लागली आणि सकाळी बघतोय तर बोराएवढे दोन फोड, पाण्यानं टरारलेले, बिब्बा उतल्यागत. एक दंडाच्या बाजूला आणि एक कोपराच्या खाली, आणि हात मिटला की दोन्ही बरोबर एकमेकावर बसतात.

गल्लीतली सगळी म्हणत्यात नागीण आहे, उतरवायला न्या. मावशीनं चुना लावायला सांगितलं (लावू दिला नाही). एका दवाखान्यात दाखवलं तर तिथं मान वर न करताच "ॲलर्जी आहे" म्हणून गोळ्या दिल्या, भुंग्याचं सांगितलेलं ऐकूनच घेतलं नाही. मोबाईलवर फोटो होता, तो पण बघितला नाही. हा भुंगा कसला आहे, ह्याच्यानंच झालंय का, औषध मारू का, आणि चवळीचे वेल आम्ही म्हशीला टाकतो, ते टाकू का नको? प्रश्न लई झाले, पण आज्जी ८१ वर्षांची आहे, काळजी वाटायला लागली म्हणून विचारतोय.

तिखट_कागलकर

नागीण बिगीण काय नाही ओ, हिंगे आहेत ते! आमच्याकडं सगळी हिंगेच म्हणतात. लहानपणी माझ्या चुलतभावानं एक धरून काडेपेटीत घालून शाळेत आणला होता दाखवायला, त्याच्या बोटाला आणि बाकावरच्या शेजाऱ्याच्या मांडीला एकाच दिवशी फोड. मास्तरांनी आधी मारलं मग विचारलं. आज्जीला सांगा फोड फोडू नका, बाकी जाणती माणसं सांगतीलच.

चष्मेवाला_किडेवाला

तिखट बरोबर सांगतोय. इंग्रजीत ह्यांना ब्लिस्टर बीटल म्हणतात, मेलॉइडी नावाचं भुंग्यांचं मोठं कुटुंब आहे, जगभर हजारो जाती. तुम्ही वर्णन केलाय तो बहुतेक मायलॅब्रिस पुस्टुलाटा, आपल्याकडं पावसाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात भेंडी, चवळी, मूग, तूर, जास्वंद, भोपळावर्गीय वेल, जिथं मोठं रंगीत फूल तिथं हा. मी विद्यापीठात झूलॉजीला होतो तेव्हा कॅम्पसवरच्या झुडपांत हे गोळा करायचं काम माझ्याकडं होतं, चिमट्यानं, आणि एकदा आळस करून हातानं धरला त्याची शिक्षा करंगळीवर चार दिवस बघत बसलो होतो.

हा चावत नाही आणि ह्याला नांगी पण नाही. त्याला दाबलं की पायांच्या सांध्यातनं, म्हणजे आपण गुडघा म्हणू तिथनं, तो मुद्दाम स्वतःचं रक्त सोडतो. तेच ते पिवळं. त्यात कॅन्थारिडिन नावाचं रसायन असतं. रोबिके नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१० मध्ये ते युरोपातल्या हिरव्या हिंग्यातनं पहिल्यांदा वेगळं काढलं. चामडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना धरून असतात, ती पकड हे रसायन सोडवतं, मध्ये पोकळी होते आणि तिथं पाणी भरतं. ह्याला वेळ लागतो म्हणून आज्जीला सकाळी काही कळलं नाही आणि रात्री कळलं.

आणि तो भडक रंग. तुम्ही म्हणताय ना भीती म्हणून नाही त्याला, ते असंच नाही. पक्ष्यानं एकदा तोंडात घेतला की पुढच्या वेळी ते पट्टे बघूनच सोडून देतो. त्यामुळं ह्याला पळायची गरजच पडत नाही, निवांत फुलात बसून खातो. आपल्याकडं लाल म्हणजे मृगाचा किडा हे डोक्यात बसलंय, पोरं तो मखमली म्हणून तळहातावर घेतात आणि त्याच्यानं काही होत नाही. तेच ह्याच्याबाबतीत करायला जातात. (मृगाचा किडा खरं तर किडाच नाही, कोळ्याच्या भाऊबंदातला आहे, पण ते जाऊ दे.)

एक गंमत सांगतो. हे विष प्रौढांत नरच बनवतो. मीलनाच्या वेळी तो ते मादीला देतो, आहेर म्हणा, आणि मादी तेच अंड्यांना चोपडते म्हणजे मुंग्याबिंग्या खाणार नाहीत. सोन्याच्या पाटल्या घालणारे बघितलेत, विषाचा आहेर करणारे हेच.

आणि सगळी पाखरं घाबरतात असंही नाही. आपला माळढोक, सोलापूरकडं नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो, हे हिंगे खातो. युरोपातला त्याचा मोठा भाऊबंद पण खातो.

बांधावरचा_पाटील

वर लिहिलेलं सगळं भारी आहे सर पण तूर फुलात आली की मग बोला. गेल्या वर्षी बांधाला लवकर येणारी तूर लावली होती, आजूबाजूला कुणाचीच फुलात नव्हती, तर अख्ख्या शिवारातले हिंगे माझ्याकडं जेवायला. पहिली सगळी फुलं खाल्ली. शेजारच्या तात्यांची उशिराची तूर होती, ती फुलात येईस्तोवर हिंगे कमी झाले आणि त्यांना धड शेंग लागली. तवापासनं मी काय शिकलो तर गावाच्या आधी फुलात जायचं नाही.

औषधाचं विचारताय तर परड्यातल्या चार सऱ्यांला पंप पाठीला लावायची गरज नाही. मारलं तरी मरतात ते आजचे, उद्या दुसरे बांधावरनं उडून येतात, त्यांचा जन्म तुमच्या भेंडीत झालेला नाही. आणि भेंडी तुम्ही एक दिवसाआड तोडून खाणार, त्यावर कशाला. फुलात मधमाशी पण असते ती उगाच मरते.

मी करतो ते सांगतो. सकाळी सातच्या आत, दव असताना जायचं, तेव्हा हे गारठलेले असतात, उडत नाहीत. जुनी बादली, निम्मं पाणी, त्यात कपड्याची पावडर फेस येईस्तोवर. बादली फुलाखाली धरायची आणि काडीनं फांदीला टिचकी मारायची, भीती दाखवली की हा पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो आणि खाली पडतो, पडतो तो बादलीतच. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात रबरी मोजे, लहान पोरं लांब. आठवडाभर रोज केलं की फरक दिसतो. चपलेनं चिरडायचा नाद करू नका, तळव्याला लागतं आणि मग बसा लंगडत.

मेलेले गटारीत किंवा उकिरड्यावर ओतू नका, कोंबड्या असतात, खड्ड्यात पुरा.

चष्मेवाला_किडेवाला

पाटील, तुमची पद्धत एक नंबर. फक्त एक भर घालतो, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. ह्यांची मादी जमिनीत अंडी घालते, त्यातनं निघालेली अळी लांब पायांची आणि पळणारी असते आणि ती मातीत नाकतोड्यांच्या अंड्यांचा पुंजका शोधते. सापडला की आत शिरते, कात टाकते आणि एकदम जाडजूड, पाय नावाला असलेली अळी होते आणि ती अंडी खाऊन टाकते. मग टणक कवचात बसून उन्हाळा काढते. एकाच किड्याच्या अळीची अशी दोन-तीन सोंगं. फाब्र नावाच्या फ्रेंच निरीक्षकानं ह्याच कुटुंबाच्या दुसऱ्या, मधमाशीच्या भाऊबंदांच्या घरात वाढणाऱ्या जातीवर १८५७ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. सांगायचं काय तर तुमच्या बांधावर नाकतोडे कमी असतील तर त्यात ह्यांच्या पोराबाळांचा पण हात आहे.

बांधावरचा_पाटील

म्हणजे पोरगं नाकतोड्याची अंडी खातंय म्हणून बापाला तूर खाऊ द्यायची व्हय?

असो, चेष्टा केली. नाकतोड्यानं भात खाल्लेला पण बघितलाय. म्हणून तर म्हणतोय बादलीत टाका, शिवारभर औषध नको.

रात्रपाळी_सिस्टर

मी त्वचेच्या वॉर्डला बरीच वर्षं काढलीत त्यामुळं हे वाचून राहवलं नाही. गडी दादा, तुम्ही लिहिलेली एक ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तुम्ही ती सहज लिहिलीय, की हात मिटला की दोन्ही फोड एकमेकावर बसतात. रसायन एका बाजूला लागलं आणि घडीमुळं समोर पण छापलं गेलं, शाईच्या डागागत. नागीण असं करत नाही. नागिणीत आधी दोन-तीन दिवस ठणका लागतो, मग अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात बारीक बारीक फोडांचे घोस येतात. पण एक सांगते, ती खरी नागीण निघाली तर उतरवत बसू नका, तिची गोळी फोड उठल्यापासून पहिल्या ७२ तासांत चालू केली तर उपयोग होतो, तेवढे दिवस अंगारा-धुपाऱ्यात जातात आणि म्हातारी माणसं नंतर महिनोन्महिने कळ सोसत बसतात. वेटोळं पूर्ण झालं की माणूस जातो वगैरे खरं नाही.

दुसरा एक किडा आहे त्याच्यात आणि ह्याच्यात घोळ होतो. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येतो, मुंगीएवढा बारीक, लांबट, नारिंगी आणि काळा, मधे निळसर चमक, पिडेरस म्हणतात. झोपेत मानेवर चिरडला की चाबूक ओढल्यागत लाल रेघ उठते, ती पण दुसऱ्या दिवशी, आणि लोकं म्हणतात रात्री काहीतरी मुतलं. त्याचं विष वेगळं, ते त्याच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंपासून येतं. तो छोटा, तुमचा मोठा. तुमचा हिंगाच.

आता काय करायचं. लागल्या लागल्या साबण लावून धुवायचं, नुसत्या पाण्यानं ते नीट जात नाही कारण ते तेलकट स्वभावाचं आहे. पदराला पुसलेलं आहे तो पदर पण धुवा, नाहीतर तोच तोंडाला लागायचा. न धुतलेला हात डोळ्याला लावायचा नाही, डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धूत थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं. फोड आपणहून फुटू द्या, वरची कातडी काढू नका, तीच मलमपट्टी आहे. फुटला तर स्वच्छ धुऊन कोरडी पट्टी. चुना, टूथपेस्ट, कोलगेट, हळद-तेल ह्यातलं काहीही नको. आज्जींना शुगर असेल, आजूबाजूला लाली वाढत गेली, पू झाला किंवा ताप आला तर मात्र परत दाखवा आणि ह्या वेळी दुसरीकडं, जिथं फोटो बघतील. नाहीतर आठ-दहा दिवसात जातं, डाग काही दिवस राहतो पण खड्डा सहसा पडत नाही कारण फोड वरच्या थरातलाच असतो.

घरात रांगतं पोर असेल आणि त्यानं भुंगा तोंडात घातला तर वाट बघत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, गाडी काढायची. पोटात गेलं की तोंडापासून मूत्रमार्गापर्यंत सगळीकडं असंच जाळतं.

आणि हेच रसायन औषध म्हणून पण वापरतात बरं. पोरांच्या अंगावर मोत्यासारखे पुटकुळे येतात, मोलस्कम म्हणतो आम्ही, त्यावर ०.७ टक्के कॅन्थारिडिनचं द्रावण अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, डॉक्टर स्वतः टिंब टिंब लावतो. घरी भुंगा घासून प्रयोग करायचा नाही, हे लिहायला लागतंय कारण लोक करतात.

गप्पीमासा

हेच ते स्पॅनिश फ्लाय का? ते 'ताकदीचं' म्हणून विकतात ते?

रात्रपाळी_सिस्टर

हो, रसायन तेच, आणि प्रश्न कुठं चाललाय कळलं मला. ताकद-बिकद काही नाही दादा, मूत्रमार्गाला आग लागते तिला लोक ताकद समजतात. किडनी जाते, रक्ताची लघवी होते, माणसं मेलीत. १० मिलिग्रॅमइतकं थोडं सुद्धा जिवावर बेतू शकतं.

चष्मेवाला_किडेवाला

ह्याच्यावरनं एक जुना किस्सा आहे. १९व्या शतकात अल्जीरियात फ्रेंच सैनिक बेडकाच्या तंगड्या खाऊन आजारी पडले, पोटात कळा आणि लाजिरवाणी दुखणारी अवस्था जी उतरायलाच तयार नाही. सैन्यातल्या डॉक्टरनं बेडूक फाडून बघितले तर पोटात हिंगे. बेडकाला काही झालं नव्हतं, खाणाऱ्याला झालं. पुढं १९९०च्या सुमारास अमेरिकेत प्रयोगशाळेत बेडकांना हिंगे खायला घालून बघितलं आणि ते रसायन बेडकाच्या मांसात उतरतं हे सिद्ध झालं. त्यामुळं गप्पीमासा, तू पण जपून.

घोडागाडी_नाद

मंडळी मधेच शिरतो. आमच्याकडं शर्यतीची दोन घोडी आहेत, जिवापाड जपलेली, लसूणघास लावलाय त्यांच्यासाठी, कडंला चवळी. आता तुमचं वाचून घाम फुटला. घासात हा भुंगा आला तर घोड्याला काय होतंय का?

चष्मेवाला_किडेवाला

चांगलं विचारलंत, घोडा ह्या बाबतीत सगळ्यात नाजूक. अमेरिकेत ह्यामुळं घोडी दगावतात. तिथं हिंगे फुलोऱ्यातल्या लसूणघासावर थव्यानं बसतात, आणि कापणीचं यंत्र घास कापता कापता दोन रुळांतनं दाबून काढतं म्हणजे लवकर वाळतो, त्यात भुंगे पण चिरडून घासातच अडकतात आणि गठ्ठ्यात बांधले जातात. वाळून खडखडीत झालेल्या भुंग्यातलं विष पण तसंच राहतं, उन्हानं जात नाही. घोड्याच्या वजनाच्या एका किलोमागं अर्धा ते एक मिलिग्रॅम एवढं जीव घ्यायला पुरतं. पोटदुखी, पाण्यात तोंड बुडवून नुसतं हलवत राहणं, लघवीला सारखं जाणं, लघवीत रक्त असं काही दिसलं की पशुवैद्याला फोन.

आपल्याकडं तुम्ही विळ्यानं कापता, हलवलं की भुंगा उडून जातो किंवा खाली पडतो, त्यामुळं तो धोका बराच कमी. तरी घास फुलावर येऊ न देता कापा, तसा तो चवीला पण तेव्हाच चांगला, आणि टाकायच्या आधी पेंढी झटका. गडीभाऊ, म्हशीच्या चवळीला पण हाच नियम. म्हैस घोड्याइतकी नाजूक नाही पण विष ते विषच. ज्या वेलावर हिंगे दिसतायत तो कुट्टी मशीनमध्ये तसाच घालू नका, तिथं यंत्राचीच गोष्ट होते.

घोडागाडी_नाद

आभारी आहे साहेब. आत्ताच जाऊन टॉर्चनं घास बघून आलो. एक दिसला. चवळीच्या फुलात. घोड्याला सोडून सगळ्या घराला उठवलंय.

माणदेशी_मामा

आमच्याकडं जत बाजूला बाजरीच्या कणसावर येतात हिंगे, रंगानं असे नटलेले नसतात, तपकिरी-काळपट, पण काम तेच. कणीस फुलोऱ्यात असताना फुलोराच खातात मग दाणा कुठनं भरणार. आमची म्हातारी माणसं बांधावर धूर करायची संध्याकाळी. हाकलले जायचे, शेजारच्या रानात. मग शेजारी धूर करायचा.

परड्यातला_गडी

सगळ्यांचे लई लई आभार. उशिरा लिहितोय, एमआयडीसीत सेकंड शिफ्ट होती.

अपडेट असा की मोठा फोड काल आपोआप फुटला, सिस्टरताईंनी सांगितल्याप्रमाणं धुऊन कोरडी पट्टी केली, आग थांबलीय. शुगर तपासली, ठीक आहे. दुसऱ्या डॉक्टरांना फोटो दाखवला, त्यांनी बघितल्या बघितल्या किडा ओळखला. पदर वेगळा भिजत घालून धुतला, तोवर आई त्याच पदराला हात पुसत होती.

आज पहाटे बादली घेऊन गेलो. पाटील म्हणाले ते खरं आहे, टिचकी मारली की पाय आखडून पडतात, आणि पाण्यात पडल्यावर मग कळतं की सोंग होतं. जास्वंदीवर सात, भेंडीवर तेवीस. एकाला काडीनं बादलीच्या काठाशी दाबून बघितलं, गुडघ्यातनं पिवळा थेंब आला, मोहरीएवढा, बरोबर सहा पायांपैकी ज्याला दाबलं त्याच बाजूला. बघत बसलो होतो.

आज्जीला सगळं वाचून दाखवलं. आहेराचा भाग दोनदा वाचायला लावला आणि लई हसली. परडी काही घेत नाही म्हणाली, पण आता प्रत्येक जास्वंद ओच्यात टाकायच्या आधी देठाला धरून उलटी करते, दोनदा झटकते, आत बघते, आणि भुंगा निघाला तर त्याला जी शिवी देते ती इथं लिहिली तर ॲडमिन मला काढून टाकतील.